पन्हाळ्याच्या पायथ्याचं नेतृत्व शिबिर: पोह्यांच्या कढईला पैकीच्या पैकी, रंगीत बिल्ल्याला शून्य

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरात चौकाचौकात व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचे फलक लागतात. माइक धरलेला पोरगा, दोरीला लटकलेली पोरगी आणि खाली ठरलेले तीन शब्द: आत्मविश्वास, नेतृत्व, स्टेज डेअरिंग. त्यातलंच हे एक. पन्हाळ्याच्या पायथ्याशी, पाच दिवस-चार रात्री, निवासी. वय ११ ते १५, एका तुकडीत ४८ मुलं-मुली, फी ६,८०० रुपये. त्यात राहणं, जेवण आणि दसरा चौकातून जाण्या-येण्याची बस आली. ‘तुमच्या मुलाला त्याची स्वतःची ओळख करून देऊ’ असं माहितीपत्रक म्हणतं. बोलणं मोठं आहे, पण ते बऱ्यापैकी खरंही होतं. फक्त आयोजकांना जिथं ते होतंय असं वाटतं, तिथं होत नाही. स्वभावाच्या चाचणीला, रंगीत बिल्ल्याला आणि शेवटच्या दिवशीच्या छापील अहवालाला त्यांनी जितका जीव लावलाय, त्याच्या निम्मा जरी स्वयंपाकघराच्या पाळीला लावला तरी हे शिबिर जिल्ह्यात एक नंबर ठरेल.

आधी गटांची रचना बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आठ-आठ जणांचे सहा गट. नावं जिल्ह्यातल्या गडांची: रांगणा, भुदरगड, सामानगड, पारगड, गगनगड, विशाळगड. एका शाळेतली, एका गल्लीतली पोरं मुद्दाम वेगळी करतात, सख्खी भावंडं तर हमखास. हे अगदी बरोबर आहे. ओळखीची चार पोरं एकत्र पडली की शाळेतली उतरंड जशीच्या तशी शिबिरात येते. वर्गाचा मॉनिटर इथंही मॉनिटर होतो, आणि ज्याला शाळेत ‘गप्प्या’ म्हणतात तो इथंही तोंड उघडत नाही. अनोळखी सात जणांत मुलाला पहिल्यांदा वेगळं वागून बघायची मुभा मिळते. काही आया-बापांचा आग्रह असतो, की आमच्या मुलीला तिच्या मैत्रिणीसोबतच ठेवा. आयोजक तो मानत नाहीत, आणि त्यांनी मानूही नये.

गटात रोज सहा कामं वाटली जातात: गटप्रमुख, वेळ बघणारा, पाणी आणि औषधं, सामान, नोंदवही आणि चालताना सगळ्यांच्या मागे राहणारा ‘शेवटचा’. आठ जणांत सहा कामं म्हणजे दोघं रोज मोकळे. ही चूक नाही, युक्ती आहे. काम नसलेल्या मुलाकडे नीट बघितलं तर फार काही कळतं. कुणी दुसऱ्याच्या कामात हात घालतो, कुणी स्वतःच काम शोधतो, कुणी टिवल्याबावल्या करतो, कुणी झाडाखाली बसून मुंग्यांची रांग बघतो आणि संध्याकाळी वहीत सगळ्यांत बारकाईनं लिहितो.

घोळ आहे तो गटप्रमुखाच्या पाळीत. काम दिवसभरासाठी मिळतं. दिवस पाच, त्यात पहिला दुपारी सुरू होतो आणि शेवटचा दुपारी संपतो. म्हणजे आठातल्या जास्तीत जास्त पाच जणांना पाळी मिळणार आणि तिघं कोरडेच घरी जाणार. नेतृत्वाच्या शिबिरात तीन अष्टमांश मुलांच्या वाट्याला नेतृत्वच येऊ नये, हा हिशोब कुणाच्याच लक्षात कसा आला नाही? उपाय त्याच वेळापत्रकात आहे. पहिल्या दिवसाचा अर्धा, मधल्या तीन दिवसांचे सहा आणि शेवटचा अर्धा असे नेमके आठ अर्धे दिवस होतात. पाळी अर्ध्या दिवसाची केली की प्रत्येकाला एकदा मिळते. त्यात पहिल्या दिवशी ‘कोण होणार प्रमुख?’ म्हणून हात वर करायला लावतात. मग जो बसमध्ये गाणी म्हणण्यात पुढं होता त्याचाच हात आधी वर जातो. मोठा आवाज म्हणजे नेतृत्व हा समज पहिल्या तासातच पक्का होतो आणि पुढचे चार दिवस तो काढण्यात जातात. चिठ्ठ्या टाकल्या तर पाच मिनिटांचं काम आहे.

आता शिबिरातल्या सगळ्यांत चांगल्या गोष्टीकडे येऊ. रोज सकाळी एक गट सगळ्यांचा नाश्ता करतो. मुलं ४८, गटांसोबत राहणारे दादा-ताई सहा, त्यांच्यावरचे दोघं आणि स्वयंपाकाच्या दोन मावशी, म्हणजे ५८ पानं. पोह्यांचा दिवस घ्या. माणशी ७० ग्रॅम धरले तर जाडे पोहे चार किलो, कांदा दोन किलो, तेल अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त, शेंगदाणे ४०० ग्रॅम, मिरची १५० ग्रॅम, मीठ ८० ते ९० ग्रॅम, लिंबं पंधरा, कोथिंबीर तीन जुड्या. हा हिशोब मुलांना आयता देत नाहीत. आदल्या रात्री त्यांच्या हातात फक्त दोन गोष्टी पडतात: माणसं किती आणि एका माणसाला पोहे किती. बाकी विचारायचं असेल तर मावशींना विचारायचं, पण प्रश्न नेमका हवा. ‘मावशी, सगळं किती लागेल?’ याला उत्तर मिळत नाही. ‘एक किलो पोह्यांना कांदा किती घालता?’ याला मिळतं.

सकाळी सहाला काम सुरू होतं आणि जवळपास प्रत्येक गट एकाच खड्ड्यात पडतो. पोहे भिजवणं हे सोपं आणि मजेचं काम, म्हणून ते आधी उरकलं जातं. चारही किलो एकाच पातेल्यात, वरून पाणी. मग लक्षात येतं की दोन किलो कांदा अजून पिशवीतच आहे. नवख्या हातांना तो चिरायला पाऊण तास लागतो, निम्म्या पोरांचे डोळे चुरचुरतात, आणि तोवर खालचे पोहे वरच्यांच्या ओझ्यानं आणि साठलेल्या पाण्यानं लगदा होऊन बसतात. बरोबर क्रम उलटा आहे. आधी कांदा-मिरची चिरून, शेंगदाणे तळून बाजूला. फोडणीचं तेल तापायला ठेवलं की पोहे किलो-किलोनं चाळणीत घेऊन धुवायचे, पाणी निथळू द्यायचं आणि मीठ, हळद, किंचित साखर तिथंच चोळायची. शिवाय चार किलो एका कढईत हलत नाहीत. तळाचे करपतात, वरचे पांढरेच राहतात. दोन घाणे करावे लागतात.

या दीड तासात जे दिसतं ते कुठल्याही प्रश्नावलीत दिसत नाही. कामाला हात लावण्याआधी ‘नक्की किती जण आहेत? डायबेटिसवाले सर साखर खातात का?’ असं विचारणारी मुलगी. कुणी न सांगता दुसरी चाळण शोधून आणणारा मुलगा. लगदा झाल्यावर ‘मी सांगत होतो’ म्हणणारा, जो खरं तर काहीच सांगत नव्हता. आणि हुकूम सोडायची पद्धत तर बघण्यासारखी. ‘अरे, कुणीतरी पाणी आणा रे!’ असं ओरडणाऱ्या प्रमुखाला पाणी मिळत नाही. आठही जणांना वाटतं, दुसरा जाईल. ‘सोहम, तू दोन बादल्या आण. श्रेया, तू तोवर गॅस बारीक कर’ म्हटलं की काम होतं. हा फरक मुलांना पहिल्या अर्ध्या तासात स्वतःच कळतो, फळ्यावर लिहून द्यावा लागत नाही.

मावशींचं इथं खास कौतुक. कुणाच्याही हाताला राहवणार नाही अशी वेळ असते ती, पण त्या तीनच कारणांसाठी पुढं येतात: विस्तव, विळी-सुरी आणि उकळतं तेल. पोहे बिघडत असतील तर बिघडू देतात. लगदा झालेले पोहे मग सगळं शिबिर खातं, दादा-ताईंसकट. बाहेरून वडापाव मागवत नाहीत. बिघडलेल्या कामाचा परिणाम ५८ ताटांत दिसतो आणि तरीही कुणी कुणाला फाडून खात नाही, हे दोन्ही मुलांना एकाच वेळी अनुभवायला मिळतं. पोरांना घरापासून लांब, एका छपराखाली, आपापली कामं करत वाढवायची रीत कोल्हापूरला तशी जुनी. १९०१ साली शाहू महाराजांच्या कारकिर्दीत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि पुढच्या काही वर्षांत शहरात वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं निघाली. लीडरशिपचा तास काही तिथं कुणी घेत नसे.

संध्याकाळी गट गोल बसतो, पाऊण तास. प्रत्येकाच्या वहीत रोज तीन ओळी: आज मी काय केलं, मला राग किंवा कंटाळा कधी आला, आणि दुसऱ्या कुणाचं काय नजरेत भरलं. मग एकमेकांबद्दल बोलायचं, पण एका नियमानं: विशेषण वापरायचं नाही, जे पाहिलं ते सांगायचं. ‘तू आळशी आहेस’ चालत नाही. ‘भांडी घासताना तू दोनदा उठून गेलास, तेव्हा मला एकट्याला घासावी लागली’ हे चालतं. कौतुकालाही हाच नियम. ‘तू भारी आहेस’ ऐकून पोरगं खूश होतं, पण त्याच्या हाती काही लागत नाही. ‘दोन गट भांडत होते तेव्हा तू आधी दोघांचं ऐकून घेतलंस’ हे मात्र घरी घेऊन जाता येतं. स्वतःची ओळख अशी होते: चार दिवस, सात जणांच्या डोळ्यांनी, एकेक कृती धरून. नियम मोडला की सहापैकी चार दादा-ताई लगेच अडवतात. उरलेले दोघं नवखे आहेत. तिथं गोलाचा हा तास हळूहळू तक्रारींचा होतो आणि एकाच मुलावर सगळे तुटून पडतात. अशा वेळी विषय थांबवून ‘आता याच मुलाचं आज काय चांगलं दिसलं ते सांगा’ एवढं म्हणता आलं पाहिजे. त्या दोघांना आणखी एक-दोन शिबिरं जाणत्या माणसाच्या हाताखाली बसवायला हवं.

आता कडू भाग. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ असते. २४ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. शेवटी बेरीज करून मूल लाल, पिवळं, हिरवं किंवा निळं ठरतं. लाल म्हणजे नेता, पिवळं उत्साही, हिरवं शांत, निळं अभ्यासू. त्या रंगाचा बिल्ला छातीवर लागतो आणि तो शिबिर संपेपर्यंत काढायचा नाही.

यात बिघडतं ते असं. नेतृत्वाच्या शिबिरात आलेल्या मुलाला कोणता रंग ‘चांगला’ हे तिसऱ्या प्रश्नातच कळतं, आणि पुढची उत्तरं तो लाल होण्यासाठी देतो. पर्याय भाषांतर केलेले, ‘मी निर्णयक्षम व ठाम असतो’ छापाचे. अकरा वर्षांचं पोरगं शेजाऱ्याच्या कागदात बघून खूण करतं. चारातला एकच निवडायचा असल्यानं घरी बडबडं आणि शाळेत घुमं असणारं मूल कुठंच बसत नाही, आणि या वयातली बहुतेक मुलं तशीच असतात. मग बिल्ला काम सुरू करतो. लाल बिल्लेवाला ‘मी लाल आहे, मी भांडी घासत नाही’ म्हणतो. हिरवावाली प्रमुखपदाची पाळी दुसऱ्याला देऊन टाकते, कारण कागदानंच सांगितलंय की ती शांत आहे. सकाळी पोह्यांच्या कढईपाशी जे उलगडायला लागलं होतं, ते दुपारी चारच्या आत गोंद लावून बंद.

आणि तरीही मुलं, पालकसुद्धा, ‘अगदी बरोबर आलंय हो!’ म्हणतात. त्याचं कारण जुनं आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचं ‘खास’ वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेली. १९४९ साली हे छापून आलं. ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ हे वाक्य कुणाला लागू पडणार नाही?

मानसशास्त्रात सध्या जास्त भरवसा आहे तो पाच गुणांच्या मांडणीवर: नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची चलबिचल. तिथं माणूस एका खोक्यात पडत नाही. प्रत्येक गुण कमी-जास्त अशा पट्टीवर मोजतात, आणि किशोरवयात या पट्ट्या बऱ्याच सरकतात. माणसांना सोळा प्रकारांत वाटणारी गाजलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणीसुद्धा साधारण चौदा वर्षांपुढच्यांसाठी आहे. लहानांसाठी वेगळी चाचणी बेतावी लागली. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो हा तिच्यावरचा जुना आक्षेप. तेव्हा चाचणी घ्यायचीच असेल तर चौथ्या दिवशी घ्यावी, तेरा-चौदाच्या पुढच्यांचीच घ्यावी, कागद मुलाच्याच वहीत ठेवावा आणि त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘यातलं काय या चार दिवसांत खरं दिसलं आणि काय नाही?’ बिल्ला नकोच.

बिल्ल्याहून वाईट गोष्ट अर्जाच्या दुसऱ्या पानावर आहे: ‘ऐच्छिक सेवा’ म्हणून बोटांच्या ठशांची चाचणी, १,५०० रुपये जादा. दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि त्यावरून मुलाची बुद्धिमत्ता, स्वभाव आणि पुढं सायन्स घ्यावं का कॉमर्स हे सांगायचं. शहरात क्लासवाले, काही शाळासुद्धा हे विकतात. ठसे गर्भातच ठरतात आणि जन्मभर तेच राहतात. स्वभाव तसा राहत नाही, हे घरात दोन पोरं वाढवलेल्या कुणालाही ठाऊक आहे. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही सांगितलंय. शिवाय ठसे म्हणजे मुलाची कायमची खासगी माहिती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे. ते ठसे कुठं साठवतात, किती दिवस ठेवतात, याचं उत्तर नोंदणीच्या टेबलावर कुणाकडेच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गडफेरी, आणि शिबिर पुन्हा रुळावर येतं. पन्हाळा फिरायला मोठा. तटाचा परीघ सात किलोमीटरच्या वर. प्रत्येक गटाला हातानं काढलेला नकाशा, एक घड्याळ आणि सहा ठिकाणं: तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी, पुसाटी बुरूज, वाघ दरवाजा. क्रम गटानं ठरवायचा, साडेतीन तासांत परत यायचं, प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न सोडवायचा. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती कोठ्यांपाशी: एवढं धान्य साठवायचं तर ओल कशी टाळली असेल? अंधारबावीच्या पायऱ्या उतरून: वेढा पडला तर विहीर अशी बंदिस्त का हवी? प्रश्न चांगले आहेत, पाट्या वाचून उत्तर मिळत नाही. दादा किंवा ताई वीस पावलं मागून चालतात, रस्ता सांगत नाहीत.

इथं पळणारी पोरं पुढं निघतात आणि गट तुटतो. म्हणून ‘शेवटचा’ हे काम महत्त्वाचं. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही आणि तो हात वर करेल तेव्हा सगळ्यांनी थांबायचं. हे काम बहुतेक गट सगळ्यांत हळू चालणाऱ्याला देतात. उलट करून बघावं. सगळ्यांत चपळ मुलाला मागे ठेवलं की त्याला वेग आवरायला शिकावं लागतं, आणि हळू मुलगी पुढं राहिली की गटाचा वेग तिच्या बेतानं ठरतो. आयोजकांनी एक काळजी घ्यायला हवी. गडावर गाड्यांची वर्दळ असते, शनिवार-रविवारी तर विचारू नका. गडफेरी आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी साडेसहाला सुरू करून दहाच्या आत संपवली पाहिजे. तटाच्या कड्यांना आग्यामोहोळ असू शकतं, म्हणून अत्तर-डिओ नको आणि कड्यापाशी आरडाओरडाही नको. ही सूचना छापील यादीत नाही, ती घालावी.

फेरीच्या शेवटी १६६० च्या वेढ्याची गोष्ट. या शिबिरात ती वेगळ्या बाजूनं सांगतात, तेवढ्यासाठी तरी दाद द्यायला हवी. सिद्दी जौहरचा वेढा, जुलैतली पावसाळी रात्र आणि विशाळगडाची वाट कोल्हापुरातल्या पोरांना तोंडपाठ. पण इथं विचारतात, त्या रात्री कुठली कुठली कामं होती ते मोजा. शिवाजी महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसलेला नेबापूरचा शिवा काशीद. खिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. पालखीचे भोई. चिखलात वाट काढणारे. गडावर मागे थांबून काहीच घडलं नसल्यासारखं वागणारे. मग प्रश्न: ‘तुझ्या अंगात कुठल्या कामाची चुणूक आहे?’ बाजीप्रभू सगळ्यांनाच व्हायचं असतं. पण थोडा वेळ दिला की एखादा म्हणतो, ‘मला वाट चांगली लक्षात राहते, मी पुढं वाट दाखवली असती.’ चार रंगांपेक्षा हे उत्तर कितीतरी मोलाचं.

रॅपलिंग आणि झिपलाइन यांच्याबद्दल थोडक्यात. हेल्मेट, हार्नेस व्यवस्थित. मुख्य दोर आणि सुरक्षेचा दोर वेगवेगळ्या आधारांना बांधतात, मुलाला सोडण्याआधी दुसरा माणूस गाठी पुन्हा तपासतो. साहसी खेळांसाठी राज्य सरकारचं २०२१ चं धोरण आहे. त्याखाली नोंदणी आहे का, हे पालकांनी विचारावं आणि कागद बघावा. पोरांना मजा येते, ती येऊ दे. उंचीची भीती वाटणं-न वाटणं यावरून नेतृत्वगुण ठरवायला जाऊ नये, एवढंच. रडत रडत खाली आलेल्या मुलीसाठी टाळ्या वाजवणं ठीक. ‘मला नाही करायचं’ असं ठामपणे सांगणारीला मात्र तीनदा आग्रह झाला, आणि तो चुकीचा होता.

स्टेज डेअरिंगचं काम पायरीपायरीनं केलंय. पहिल्या दिवशी जोडीत बोलायचं आणि स्वतःची नाही, जोडीदाराची ओळख करून द्यायची. दुसऱ्या दिवशी आठ जणांसमोर एक मिनिट. तिसऱ्या दिवशी दोन गटांसमोर, गडावर पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल. इथवर उत्तम. शेवटच्या दिवशी मात्र सगळ्या पालकांसमोर माइकवर दोन मिनिटांचं भाषण, विषय ‘माझं ध्येय’. झालं, पोरं आदल्या रात्री पाठांतराला बसतात आणि चार दिवस कमावलेलं साधं बोलणं जाऊन त्या जागी ‘आदरणीय व्यासपीठ’ येतं. पालक व्हिडिओ काढतात म्हणून हे ठेवलंय, दुसरं कारण दिसत नाही.

राहण्या-खाण्याचं. जेवण साधं आणि चवदार: सकाळी पोहे, उप्पीट किंवा थालीपीठ, दुपारी भाकरी-उसळ-आमटी-भात, एका रात्री झुणका-भाकर आणि खर्डा. तांबडा-पांढरा नाही, शिबिर शाकाहारीच आहे. तिखट बेताचं. मुलींची राहायची इमारत वेगळी, आत ताई झोपते. पण रात्री २४ मुलांमागे एकच मोठं माणूस असतं. दिवसा आठांमागे एक आणि रात्री चोवीसांमागे एक हे गणित पटत नाही. आजारपण, घराची आठवण, भांडण, सगळं रात्रीच उफाळतं. निदान दोघं हवेत, त्यातला एक जागा. प्रथमोपचार पेटी भरलेली असते, गाडी चोवीस तास उभी असते. गंभीर काही झालं तर कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय गाठायला वीसेक किलोमीटर उतरावं लागतं, म्हणून दमा, फिट्स, ॲलर्जी अर्जावर लपवू नका. ‘घेणार नाहीत’ या भीतीनं लपवतात लोक. रोजच्या गोळ्या मुलाच्या बॅगेत न ठेवता नाव आणि वेळ लिहून ताईच्या हातात द्या.

मोबाइल पहिल्याच दिवशी जमा, तिसऱ्या संध्याकाळी घरी दहा मिनिटांचा फोन. पहिल्या दोन रात्री बरीच मुलं रडवेली होतात, हे धरून चाला. ‘नाही जमलं तर लगेच न्यायला येतो’ असं वचन देऊन पाठवलेलं मूल दोन्ही रात्री त्या वचनाचीच वाट बघत बसतं. त्यापेक्षा ‘तिसऱ्या दिवशी बोलू’ एवढंच सांगून पाठवावं. सामानात मे महिन्यातसुद्धा रेनकोट आणि बुटांचा दुसरा जोड हवा. वळीव कधी झोडपेल सांगता येत नाही आणि ओल्या बुटांत गडफेरी केली की टाचा सोलतात. दिवाळीच्या तुकडीला स्वेटर आणि कानटोपी.

शेवटच्या दिवशी मिळतो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सहा पानी अहवाल. वेगवेगळ्या गटांतल्या तीन मुलांचे अहवाल शेजारी ठेवले तर ‘नेतृत्वाची उपजत क्षमता असून योग्य मार्गदर्शनाची गरज आहे’ हे वाक्य तिन्हींत. तो कपाटात ठेवा आणि मुलाला त्याची वही मागा. ‘वाचू का?’ विचारून मागा. नाही म्हणाला तर विषय संपला. शिबिरानंतर आयोजकांकडून काहीच होत नाही, ना फोन ना भेट. तीन आठवड्यांनी गट दोन तास पुन्हा बसवला तरी पुष्कळ. ते होईपर्यंत घरीच एक करता येतं. महिनाभरासाठी घरातलं एक पूर्ण काम मुलाकडे द्या, पैशांसकट: दुधाचा हिशोब, रविवारच्या नाश्त्याचा बाजार, आजोबांच्या गोळ्या संपायच्या आत आणणं. मधेच हातातून काढून घ्यायचं नाही. एखाद्या रविवारी कांदा आणायचा राहिला तर बिनकांद्याचे पोहे खायचे.

कुणाला पाठवावं? बारा ते चौदा वयाला सगळ्यांत फायदा. अकरावाल्यांना गडफेरीचा नकाशा आणि संध्याकाळचं बोलणं थोडं जड जातं. पंधरावाले दहावीच्या ताणात असतात आणि चाचणीचा कागद कौल समजून घरी नेतात. ‘लाजरा आहे, जरा बोलता करा’ असं अर्जावर लिहू नका. दादा-ताई तो अर्ज वाचतात आणि त्या मुलाला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं करतात. त्याऐवजी त्याला कशात रमायला होतं ते लिहा. फी या भागातल्या निवासी शिबिरांच्या मानानं मध्यम, आणि स्वयंपाकघर, गडफेरी आणि संध्याकाळचा गोल यांचेच पैसे धरले तरी वसूल. दिवाळीची तुकडी मेपेक्षा बरी, ऊन कमी असतं. जागा लवकर भरतात. आणि अर्ज भरताना दुसरं पान नीट बघा: ठशांच्या चाचणीच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच छापलेली असते. ती खोडा, शेजारी सही करा आणि ८,३०० नाही, ६,८०० चीच पावती घ्या.